क्लोझापीन सुरू होतंय? रक्ताइतकंच पोटाकडे आणि बिडीकडेही लक्ष द्या

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला एक औषध देऊन पाहिलं, मग दुसरं. दोन्हींची मात्रा वाढवून झाली. तरी कानातले आवाज थांबत नाहीत आणि शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत हा संशय जात नाही. अशा वेळी सायकियाट्रिस्ट क्लोझापीनचं नाव काढतात आणि त्याच दमात सांगतात, की सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागेल. घरचे तिथेच बिचकतात. एवढं जालीम औषध नकोच, असं ठरतं आणि पुढची कित्येक वर्षं बाकीच्या गोळ्यांच्या अदलाबदलीत जातात. डॉक्टरही पुष्कळदा टाळाटाळ करतात. दक्षिण लंडनमधल्या एका अभ्यासात, रुग्ण क्लोझापीनसाठी पात्र ठरल्यापासून ते प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे चार वर्षं गेल्याचं आढळलं होतं.

हे लिहिलंय ते रुग्णासाठी आणि त्याच्या गोळ्या सांभाळणाऱ्या माणसासाठी. बहुतेक घरांत ती आई, बायको किंवा बहीण असते. औषध द्यायचं का आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. पण या औषधाची रोजची राखण घरात होते, दवाखान्यात नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: या औषधाचे धोके ठाऊक असलेले आणि मोजता येणारे आहेत. आजार वर्षानुवर्षं तसाच ठेवण्याचा धोका मात्र कुणी मोजायला बसत नाही.

बदनामी कुठून आली

मनोविकारांवरचं पहिलं प्रभावी औषध, क्लोरप्रोमाझीन, १९५२ साली पॅरिसमध्ये वापरात आलं. त्या घराण्यातल्या औषधांनी भास कमी व्हायचे, पण हातपाय ताठरायचे, बोटं थरथरायची, चेहरा निर्विकार व्हायचा. हे इतकं ठरलेलं होतं, की अंगात ताठरपणा येणं हीच औषध लागू पडत असल्याची खूण आहे, असं बरेच डॉक्टर मानत.

१९५८ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या वांडर कंपनीच्या प्रयोगशाळेत क्लोझापीन तयार झालं. त्याने भास कमी होत होते आणि ताठरपणा जवळजवळ येतच नव्हता. ठरलेल्या साच्यात न बसणारं म्हणून ते ‘अटिपिकल’, आणि या गटातलं ते पहिलं. रिस्पेरिडोन, ओलान्झापीन, क्वेटियापीन ही सगळी पुढे त्याच वाटेने आली.

मग १९७५ साली फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळपास संपल्या आणि त्यातले आठ जण जंतुसंसर्गाने दगावले. औषध बऱ्याच ठिकाणी मागे घेतलं गेलं. ते परत आलं १९८८ साली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या २६८ रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली. सहा आठवड्यांत क्लोरप्रोमाझीनने ४ टक्के रुग्ण सुधारले, क्लोझापीनने ३० टक्के. पुढच्याच वर्षी नियमित रक्ततपासणीच्या अटीवर तिथे परवानगी मिळाली.

याच गोष्टीचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. २००९ साली फिनलंडमध्येच ६६,८८१ रुग्णांच्या अकरा वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कोणत्या औषधावर असलेले लोक सर्वांत कमी दगावले, असा प्रश्न होता. उत्तर आलं क्लोझापीन. आत्महत्येचे प्रयत्न याने कमी होतात हेही वेगळ्या चाचणीत दिसलं आणि अमेरिकेत त्या कारणासाठी त्याला स्वतंत्र मान्यता आहे.

मेंदूत नेमकं काय होतं

मेंदूतल्या काही मार्गांवर डोपामिन या रसायनाचा संदेश गरजेपेक्षा जोरात गेला, की साध्या गोष्टींनाही भलता अर्थ चिकटतो, असं आज मानलं जातं. जुनी औषधं डोपामिनचे डी-२ नावाचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागा) अडवून हा जोर कमी करतात. साधारण ६५ टक्के ग्राहक अडले की गुण दिसायला लागतो. ८० टक्क्यांच्या पुढे गेलं की ताठरपणा, थरथर सुरू होते.

क्लोझापीन या हिशेबात बसत नाही. ते डी-२ ग्राहकांना सैल धरतं आणि लवकर सोडतं. पुरेशी मात्रा असतानाही निम्म्याच्या आसपास ग्राहक अडलेले दिसतात, तरी इतर औषधांनी न हललेला आजार हलतो. त्याशिवाय ते सेरोटोनिनचे ग्राहक अडवतं आणि आणखीही बऱ्याच ठिकाणी हात घालतं. यातल्या नेमक्या कशामुळे ते वरचढ ठरतं, याचं एकमताचं उत्तर विज्ञानाकडे आजही नाही.

त्रास कुठून येतात ते मात्र बऱ्यापैकी कळलंय. हिस्टामिन अडलं की झोप आणि भूक वाढते. रक्तवाहिन्या आवळून धरणारा संदेश अडला की उठताना चक्कर येते. आतड्यांना हलवणारा संदेश अडला की पोट साफ होत नाही. ही यादी लक्षात असली, की पुढे काही झाल्यावर ‘नवीनच काहीतरी निघालं’ असं वाटत नाही.

आधी ठरवा: याची वेळ आली आहे का

क्लोझापीन पहिलं औषध म्हणून देत नाहीत. दोन वेगवेगळी औषधं, प्रत्येक पुरेशा मात्रेत, प्रत्येक किमान सहा आठवडे आणि खरोखर घेतलेली, एवढं होऊनही गुण नसेल तर त्याची पाळी येते. स्किझोफ्रेनियाच्या साधारण एक-तृतीयांश रुग्णांवर ही वेळ येते.

‘खरोखर घेतलेली’ हे शब्द महत्त्वाचे. गोळी गालात धरून नंतर थुंकणं, खिडकीतून टाकणं, हे घरोघरी होतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: कोणतं औषध, किती मिलिग्राम, कधीपासून कधीपर्यंत, किती नियमित, काय फरक पडला. जुन्या चिठ्ठ्या सापडत नसतील तर रिकाम्या पट्ट्या न्या. या एका कागदाने निर्णय कित्येक महिने अलीकडे येऊ शकतो.

आत्महत्येचे विचार वारंवार येणारे रुग्ण किंवा इतर औषधांनी तोंड-जीभ आपोआप हलायला लागलेले रुग्ण, यांच्या बाबतीतही डॉक्टर याचा विचार करतात. पार्किन्सनच्या रुग्णांना होणाऱ्या भासांवर हेच औषध अगदी थोड्या मात्रेत वापरतात. पूर्वी याच औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला गेल्या असतील, तर मात्र ते सहसा पुन्हा देत नाहीत. आटोक्यात नसलेल्या फिट्स, हृदयाचा जुना आजार, आतड्याचं ऑपरेशन यातलं काही असेल तर विचारायची वाट न बघता सांगा.

पहिल्या गोळीआधी

रक्ताचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), उपाशीपोटीची साखर, चरबीची तपासणी, ईसीजी, वजन, कमरेचा घेर आणि रक्तदाब. शक्य असेल तिथे ट्रोपोनिन आणि सीआरपी या दोन तपासण्याही करून ठेवतात, कारण पुढे हृदयाला सूज आल्याची शंका आली तर तुलनेला आधीचा आकडा हाताशी लागतो. शौचाला किती दिवसांनी होतं हेही आत्ताच लिहून ठेवा.

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था, वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग आणि जिल्हा रुग्णालयं हे सरकारी पर्याय आहेत. औषध तालुक्याच्या गावी राहून घ्यायचं असेल तर दर आठवड्याचा सीबीसी कुठे होणार आणि रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत कसा पोचणार, हे सुरू करण्याआधीच ठरवा. सगळं नीट सुरू होऊन याच मुद्द्यावर अडकतं.

आणि रुग्णाशी बोला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचारांची माहिती मिळणं आणि संमती देणं हा त्याचा हक्क आहे. ताकात किंवा भाजीत गोळी कालवून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. क्लोझापीनच्या बाबतीत तर हे करूच नका. मात्रा नेमकी किती पोटात गेली ते कळत नाही, दर आठवड्याला सुई का टोचतायत हे रुग्णाला सांगता येत नाही, आणि दोन दिवस त्याने बाहेर जेवण केलं तर काय होतं ते पुढे येतंच आहे.

मात्रा: मुंगीच्या पावलाने

गोळ्या २५, ५० आणि १०० मिलिग्रामच्या मिळतात. पहिल्या दिवशी बहुधा २५ ची अर्धी, म्हणजे साडेबारा मिलिग्राम, रात्री झोपताना देतात. मग डॉक्टर २५-२५ ने वाढवत नेतात. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात दोन आठवड्यांत ३०० ते ४५० मिलिग्रामपर्यंत जाण्याचं वेळापत्रक आहे, पण घरी राहून औषध घेणाऱ्या आपल्याकडच्या रुग्णाला बरेच डॉक्टर याहून सावकाश नेतात. त्याला आधार आहे. अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून केलेल्या शिफारशींनुसार पाकिस्तानपासून जपानपर्यंतच्या आशियाई लोकांच्या शरीरातून हे औषध तुलनेने हळू बाहेर पडतं, त्यामुळे कमी मात्रेतही रक्तात पुरेशी पातळी येते. बायकांना पुरुषांपेक्षा कमी लागतं, धूम्रपान न करणाऱ्यांना करणाऱ्यांपेक्षा कमी. कमाल मर्यादा दिवसाला ९०० मिलिग्राम असली तरी आपल्याकडे तिथवर जायची गरज क्वचितच पडते. म्हणून ‘अमक्याच्या मुलाला चारशे चालू आहे, आमच्या मुलाला दीडशेच का’ या प्रश्नात अर्थ नाही.

पहिल्या पंधरवड्यात रुग्ण पेंगलेला राहील. सकाळी उठताना आधी कुशीवर, मग दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसून, मग उभं, ही सवय लावा. रात्री लघवीला उठताना दिवा लावायला सांगा, कारण पडझड तेव्हाच होते. आधीचं औषध चालू ठेवायचं की हळूहळू उतरवायचं हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं घरी येईपर्यंत निम्मं विसरतं.

रक्ताचा रिपोर्ट स्वतः वाचायला शिका

दर आठवड्याचा रिपोर्ट हातात येतो आणि घरचे त्यात ‘नॉर्मल’ शब्द शोधतात. आपल्याला हवा असतो एकच आकडा: न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची प्रत्यक्ष संख्या. पुष्कळ लॅब हा आकडा छापतच नाहीत. एकूण पांढऱ्या पेशी आणि न्यूट्रोफिलची टक्केवारी देऊन मोकळ्या होतात. हिशेब सोपा आहे. एकूण पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले शंभर.

समजा एकूण पेशी ६,४०० आणि न्यूट्रोफिल ५५ टक्के. उत्तर ३,५२०. उत्तम. आता समजा एकूण ३,००० आणि न्यूट्रोफिल ४५ टक्के. उत्तर १,३५०. इथे त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

सीमारेषा साधारण अशा आहेत. १,५०० किंवा त्याहून जास्त असेल तर औषध चालू. १,००० ते १,४९९ मध्ये औषध बहुधा चालू ठेवतात, पण तपासणी आठवड्यातून तीनदा. ५०० ते ९९९ आला तर औषध थांबवून रोज तपासणी. ५०० च्या खाली गेला तर औषध बंद, रुग्णालयात दाखल आणि रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला. हे अमेरिकेतल्या माहितीपत्रकातले आकडे आहेत. इतर देशांत रेषा थोड्या वेगळ्या असू शकतात. तुमचे डॉक्टर कोणत्या रेषा पाळतात ते विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

वेळापत्रक: पहिले १८ आठवडे ते सहा महिने दर आठवड्याला, मग वर्ष होईपर्यंत पंधरा दिवसांनी, त्यानंतर महिन्याने. सुरुवातीला एवढी घाई असते, कारण पेशी धोकादायक पातळीला जाणाऱ्या बहुतेक घटना पहिल्या १८ आठवड्यांतच घडतात. त्या घडतातही शंभरात एकाहून कमी जणांना. अमेरिकेत रिपोर्टची नोंद झाल्याशिवाय दुकानातून गोळीच मिळत नसे. ती सक्ती २०२५ साली उठवली गेली, तपासणीची शिफारस मात्र कायम आहे. आपल्याकडे दुकानदार रिपोर्ट मागत नाही, तेव्हा ही शिस्त घरातूनच यावी लागते.

एक बारकावा डॉक्टरही कधी कधी विसरतात. न्यूट्रोफिल सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त असतात. सकाळचा आकडा सीमेवर आला आणि रुग्ण ठणठणीत असेल तर दुपारी पुन्हा रक्त देण्याबद्दल विचारा. निव्वळ सकाळच्या आकड्यापायी चांगलं लागू पडलेलं औषध बंद होऊ नये.

तपासणीची तारीख नसली तरी ताप, घसा दुखणं, तोंडात फोड यातलं काहीही झालं, तर त्याच दिवशी सीबीसी करायचा. पावसाळ्यात इथे एक गोंधळ होतो. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी उतरतात. तापावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना क्लोझापीनबद्दल माहीत नसेल तर ते पेशी कमी पाहून ‘डेंग्यूच आहे’ म्हणतील, आणि सायकियाट्रिस्टना डेंग्यूबद्दल कळलं नाही तर ते औषधाला दोष देतील. दोघांना एकमेकांचे फोन नंबर द्या.

पहिल्या महिना-दोन महिन्यांत तापासोबत छातीत दुखणं, धाप लागणं किंवा नाडी सतत खूप जलद असणं दिसलं तर थांबू नका. हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते. थेट रुग्णालय गाठा आणि कोणतं औषध चालू आहे ते दारातच सांगा.

पोट

रक्ताची भीती सगळ्यांना असते. पण क्लोझापीन घेणाऱ्यांमध्ये आतडं बंद पडून दगावलेल्यांची संख्या पांढऱ्या पेशी संपून दगावलेल्यांपेक्षा कमी नाही, जास्तच असावी असं दिसतं. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबद्दलचा इशारा मुद्दाम कडक केला. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात हे औषध घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्यातून अन्न पुढे सरकायला इतरांच्या चौपटीहून जास्त वेळ लागत असल्याचं दिसलं. त्याहून चिंतेची गोष्ट म्हणजे यातले बरेच जण ‘पोट ठीक आहे’ म्हणत होते.

म्हणून ‘झालं का रे साफ?’ एवढं विचारून भागत नाही. कॅलेंडरवर खूण करा. रोज झालं तर बरोबरची खूण, नाही तर फुली. दोन फुल्या सलग आल्या की डॉक्टरांना फोन. मोठ्या मुलाला हे विचारायला अवघड वाटतं, तर खूण त्यालाच करू द्या.

आपल्याकडे पहिला हात इसबगोलकडे जातो. इथे जरा थांबा. इसबगोल मळाचं आकारमान वाढवतं. आतडं हलतच नसेल आणि पाणीही कमी पडलं तर ते आत साचून राहू शकतं. डॉक्टर सहसा सोनामुखीच्या गोळ्यांसारखं आतड्याला हलवणारं किंवा लॅक्ट्युलोज, मॅक्रोगोल यांच्यासारखं पाणी ओढून मळ मऊ करणारं औषध देतात. पुष्कळजण ते क्लोझापीनसोबत पहिल्या दिवसापासून सुरू करतात, आणि मला तेच शहाणपणाचं वाटतं. भरपूर पाणी, ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, संध्याकाळचा फेरफटका हे सगळं हवंच, पण त्यावर विसंबून औषध टाळू नका.

पोट फुगून दगडासारखं कडक होणं, जोरात दुखणं, उलट्या, गॅसही न सरणं, यातलं काही दिसलं तर ती इमर्जन्सी आहे. रात्र असली तरी निघा.

दुसऱ्या औषधांनी ताठरपणा आला म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल आधीपासून चालू असतं आणि वर्षानुवर्षं चिठ्ठीवर तसंच उतरवलं जातं. त्यानेही आतडी मंदावतात. क्लोझापीनवर आल्यावर त्याची गरज उरली आहे का, हे आवर्जून विचारा.

बिडी, कॉफी आणि सिप्रो

यकृतातलं एक विकर (एन्झाइम) क्लोझापीनचा निचरा करतं. बिडी-सिगारेटच्या धुरातले घटक त्या विकराचा वेग वाढवतात. रोज बंडलभर बिड्या ओढणाऱ्या माणसाला म्हणूनच जास्त मात्रा लागते. आता हाच माणूस रुग्णालयात दाखल झाला, तिथे बिडी बंद झाली, किंवा घरच्यांनी चांगल्या हेतूने एकदम सोडायला लावली. आठवड्याभरात विकराचा वेग उतरतो आणि गोळी तेवढीच असताना रक्तातली पातळी दीडपट किंवा त्याहूनही जास्त होते. झोप न उघडणं, गोंधळणं, फिट येणं असे प्रकार मग सुरू होतात. बिडी जरूर सोडवा, पण डॉक्टरांना आधी सांगून, मात्रा उतरवत. उलटही तसंच. रुग्णालयात बिडीविना ठरलेली मात्रा, घरी येऊन बिडी सुरू झाली की अपुरी पडते आणि आवाज परततात.

हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. मळलेली तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी क्लोझापीनची पातळी अशी बदलत नाही. ओढणारा माणूस तंबाखू मळायला लागला तर घरच्यांना व्यसन तेच वाटतं, पण औषधाच्या हिशेबात त्याने धूर सोडलेला असतो.

कॉफीतलं कॅफिन त्याच विकरावर जातं आणि पातळी वाढवतं. दोन कप चहाने काही बिघडत नाही. दिवसभर कडक कॉफी पिण्याची सवय एकदम लागली किंवा सुटली तर सांगा.

सर्वांत बेसावध क्षण मात्र मेडिकलच्या दुकानात येतो. जुलाब किंवा लघवीची जळजळ झाली म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिनची पट्टी आपल्याकडे सहज हातात पडते. ती हे विकर अडवते आणि क्लोझापीनची पातळी धोकादायक होऊ शकते. मंत्रचळासाठी दिलं जाणारं फ्लुवोक्सामीन तर त्याहून जास्त. फिट्ससाठीचं कार्बामाझेपीन पांढऱ्या पेशींवरच घाला घालू शकतं, म्हणून ही जोडी टाळतात. रुग्णाच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ‘क्लोझापीन चालू आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, फ्लुवोक्सामीन, कार्बामाझेपीन सायकियाट्रिस्टना विचारल्याशिवाय देऊ नये.’ न्यूमोनियासारख्या मोठ्या जंतुसंसर्गात औषधाचा निचरा आपोआपच मंदावतो, तेव्हा मात्रा तात्पुरती उतरवावी लागू शकते.

रोजच्या कटकटी

रात्री लाळ गळते, उशी भिजते. कुशीवर झोपणं, उशीवर टॉवेल. त्रास जास्त असेल तर डॉक्टरांकडे औषधं आहेत, फक्त त्यातली काही पोट आणखी बांधतात. वजन आणि साखर दोन्ही वाढू शकतात: पहिल्या वर्षात महिन्याला वजन, तीन-चार महिन्यांनी साखर. भूक अनावर झाली तर मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाबद्दल विचारायला हरकत नाही. रात्री अंथरूण ओलं होत असेल तर रुग्ण लाजेने सांगत नाही. चादर कुणी धुतली यावरून भांडण काढण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा.

मात्रा वाढते तशी फिटची शक्यता वाढते. अचानक अंग झटकणं, हातातला कप उडणं ही आधीची खूण असू शकते. मात्रा स्थिरावेपर्यंत मोटरसायकल, ट्रॅक्टर, विहिरीत पोहणं बंद.

रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी पाळी बंद पडलेली असते, कारण प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं. क्लोझापीनने ते वाढत नाही. पाळी परत येते आणि तिच्यासोबत दिवस जाण्याची शक्यताही. लग्न झालेल्या बाईला हे कुणीतरी आधी सांगायला हवं. गर्भारपणात औषध चालू ठेवायचं का हे डॉक्टरांसोबत ठरवावं लागतं. अंगावर पाजणं मात्र या औषधावर सुचवत नाहीत.

गोळी चुकली तर

एक वेळची चुकली तर पुढच्या वेळी नेहमीचीच घ्या, दुप्पट नको. पण सलग ४८ तासांहून जास्त खंड पडला असेल तर जुनी मात्रा थेट सुरू करायची नाही. शरीराची सवय सुटलेली असते. तीच तीनशे मिलिग्रामची मात्रा रक्तदाब कोसळवू शकते. पुन्हा साडेबारापासून चढायचं, फक्त डॉक्टर या वेळी जरा भराभर चढवू शकतात. लग्नसराईत गावी जाताना, वारीला निघताना, गणपतीत चाकरमानी कोकणात उतरतात तेव्हा गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा आणि चार दिवसांच्या जास्तीच्या घ्या. डॉक्टर गाठता आले नाहीत तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

बरं वाटतंय म्हणून एकदम बंद करणं सर्वांत वाईट. आजार उसळून येतो, शिवाय मळमळ, घाम, अस्वस्थता होते ती वेगळी. थांबवायचंच ठरलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यांच्या हिशेबाने उतरवतात. अपवाद गंभीर दुष्परिणामांचा, मुख्यतः पेशी धोकादायक पातळीला जाणं आणि हृदयाला सूज. तेव्हा डॉक्टर लगेच बंद करतात.

किती वाट पाहायची

झोप आणि चिडचिड पहिल्या काही आठवड्यांत सुधारते. आवाज आणि संशय सावकाश हलतात. पुरेशा मात्रेवर किमान तीन महिने द्यायला हवेत. काहींचा गुण सहा महिन्यांपर्यंत वाढत राहतो. आवाज पूर्ण जातीलच असं नाही. ‘येतात, पण मी लक्ष देत नाही’ असं रुग्ण म्हणायला लागला आणि अंघोळ करून आपणहून जेवायला बसायला लागला, तर औषध काम करतंय.

तीन महिन्यांनीही काही नसेल तर नवीन गोळी जोडण्याआधी रक्तातली क्लोझापीनची पातळी तपासता येते. रात्रीच्या मात्रेनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं. ३५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर मात्रा वाढवायला वाव आहे, किंवा गोळी पोटात जात नाहीये, किंवा बिड्या वाढल्यात. ही तपासणी सगळीकडे होत नाही. मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये नमुना पाठवता येतो का ते विचारा. पातळी चांगली असूनही गुण नसेल तर डॉक्टर दुसरं औषध जोडीला देण्याचा किंवा भूल देऊन करायच्या विद्युत उपचारांचा विचार करतात. त्या बैठकीला जाताना रक्ताच्या आकड्यांची वही, कॅलेंडर आणि सुरुवातीला केलेला तो जुन्या औषधांचा कागद सोबत न्या.